मॅडमचे सर

फुंटशोलिंगच्या पादचारी टर्मिनलमध्ये भूतानच्या बाजूला मी उभी आहे. भिंतीपलीकडे भारतातलं जयगाव. तिकडचे हॉर्न, रिक्षावाल्यांची ओरड, कुठल्याशा मोबाइलच्या दुकानातलं भोजपुरी गाणं, सगळं इकडं ऐकू येतंय. इकडं मात्र झेब्रा क्रॉसिंगवर माणसानं पाय ठेवला की गाडी थांबते आणि हॉर्नला कुणी हात लावत नाही. माझ्या मोबाइलवर पावणेदोन वाजलेत. तिकडं उभ्या असलेल्या माझ्या नवऱ्याच्या मोबाइलवर सव्वा वाजले असणार. भूतानचं घड्याळ आपल्यापेक्षा अर्धा तास पुढं चालतं.

फोन वाजतो.

"कुठं आहेस?"

"गेटापाशी. ते ड्रॅगनचं रंगीत गेट आहे ना, तिथं. पोलीस आत सोडेना."

"तिथनं नाही यायचं. ते गाड्यांसाठी आहे. चालत येणाऱ्यांनी बाजूच्या इमारतीतनं यायचं. आणि पासपोर्ट हातात ठेव, बॅगेत नको. आणि पत्राची झेरॉक्स..."

"येतो गं," म्हणून तो फोन ठेवतो.

कोल्हापूरहून मुंबई, मुंबईहून हावडा, मग सियालदहहून कांचनकन्या एक्सप्रेस आणि हासीमाऱ्याला उतरून जीप, असा तो आलाय. विमानानं बागडोगऱ्यापर्यंत येता आलं असतं. पण विमानात पत्र्याची ट्रंक नेणं अवघड आणि ट्रंकेशिवाय तो घर सोडायला तयार नव्हता. ट्रंकेत काय असेल, याचा मला अंदाज आहे. तवा, ज्वारीचं पीठ, गुळाचा रवा आणि वर्षाची चटणी. कोल्हापूरकडं कांदा-लसूण मसाल्याला चटणीच म्हणतात आणि ती वर्षाची करतात.

तो दिसतो. खांद्यावर सॅक, हातात ट्रंक, तीन दिवसांची दाढी. मी हात हलवते. पण मध्ये टेबल आहे, टेबलामागं किरा हा इथला बायकांचा पोशाख नेसलेली एक तरुण अधिकारी आहे, आणि आधी तिचं काम व्हायचंय. ती पत्र बघते, लग्नाचा दाखला बघते, माझ्या शिक्षिकेच्या परवान्याचा नंबर जुळवते. अर्जावर त्याच्या नावापुढं 'डिपेंडंट' असं छापलंय. त्याला काम करायचं झालं, तर वेगळा परवाना काढावा लागणार. अर्ज वाचून तो टेबलापलीकडून माझ्याकडं बघतो.

"मग महिन्याला खर्चायला किती देणार, ते आताच ठरवू."

मी हसते. तोही हसतो, पण पुन्हा एकदा त्या अर्जाकडं बघतो. गेला हंगाम संपेपर्यंत तो एका साखर कारखान्याच्या शेती विभागात होता. बांधावर गाडी थांबली की शेतकरी 'साहेब, ऊस बघून जावा' म्हणत पुढं यायचे. मार्चमध्ये गाळप संपलं आणि त्यानं राजीनामा दिला. वर्षभर मी इथं एकटी होते. दोघांपैकी एकानं हलायचं होतं. तो हलला.

पुढं सामानाची तपासणी. ट्रंक उघडते आणि चटणीचा वास सुटतो. घो हा इथला पुरुषांचा पोशाख घातलेला एक अधिकारी डब्यात नाक घालतो, दोनदा शिंकतो आणि आदरानं झाकण लावतो. मग त्याच्या हाताला वर्तमानपत्राच्या चार पुड्या लागतात.

"ये क्या है?"

"बीज है. मिर्ची का, मेथी का. घर के पीछे लगाने के लिए."

अधिकारी मान हलवतो. बियाणं परवान्याशिवाय आत न्यायचं नाही, असं तो सांगतो. आवाज अगदी हळू, प्रत्येक वाक्याच्या शेवटी 'ला'. झोंगखा भाषेतला हा आदराचा प्रत्यय इथले लोक हिंदी-इंग्रजीलाही जोडतात. 'सॉरी ला. नॉट अलाउड ला.' मिरचीच्या बाबतीत तर हे लोक फारच काटेकोर. भारतातल्या मिरचीत कीटकनाशकांचे अंश सापडले म्हणून २०१६ साली भूताननं तिची आयातच बंद केली होती, आणि तीही मिरचीवाचून ज्यांचा एक घास उतरत नाही अशा लोकांच्या देशात.

मला वाटतं, तो हुज्जत घालणार. लवंगी मिरचीचं बी आहे, त्यानं स्वतः वाळवलेलं. पण तो पुड्या उचलून शांतपणे अधिकाऱ्याच्या हातात देतो.

"बरोबर आहे त्यांचं," बाहेर आल्यावर तो म्हणतो. "बियातनं रोग येतो. आपल्याकडं कोण बघत नाही म्हणून सवय नाही, एवढंच."

टॅक्सी ठरवून ठेवलीय. फुंटशोलिंग समुद्रसपाटीपासून जेमतेम तीनशे मीटरवर आहे आणि आमचं गेदू दोन हजारांच्या वर. एवढी चढण पन्नासेक किलोमीटरच्या आत चढायची. रिंचेनडिंगच्या नाक्यावर पुन्हा कागद दाखवतो. तिथून खाली बघितलं की बंगालचं सपाट मैदान आणि नदीचं पांढरं पात्र लांबपर्यंत दिसतं. वळणं सुरू होतात, तसं माझं तोंडही सुरू होतं. कान बंद झाले तर आवंढा गिळ. इथले पैसे न्गुल्ट्रम, पण एकास एक, आपला रुपयाही चालतो. दुकानात क्यूआर कोडवर पैसे भरायचे तर स्थानिक बँकेचं ॲप आहे, सगळे त्याला 'एमबॉब' म्हणतात. २०२१ पासून आपलं भीम यूपीआयसुद्धा इथं आलंय. अख्ख्या देशाची वस्ती आठ लाखांच्या आत आहे. आपला एकटा कोल्हापूर जिल्हाच २०११ च्या जनगणनेत ३८ लाखांवर होता. हा रस्ता आपल्या सीमा सडक संघटनेच्या 'दंतक' प्रकल्पानं बांधलाय, १९६१ साली तो प्रकल्प सुरू झाला...

तो खिडकीबाहेर बघतोय. खालच्या उतारावर सुपारी, मग संत्र्याच्या बागा, मग ओहोळाच्या सावलीत वेलदोडा. त्याचं बोट काचेवर एकेक पीक मोजतंय. मी काय सांगतेय, ते त्याच्या कानावरून जातंय.

दंतकच्या कॅन्टीनला टॅक्सी थांबते. इथं मसाला डोसा मिळतो आणि तो चांगला असतो, हे मला या रस्त्यावर कळलेलं सगळ्यात मोठं गुपित. भिंतीमागं धुकं उभं आहे. डोसा संपेपर्यंत ते अंगणात येतं, आणि आम्ही निघतो तेव्हा ड्रायव्हर भर दुपारी दिवे लावतो. गेदू धुक्याचं गाव. धुतलेला कपडा तिसऱ्या दिवशीही ओलाच असतो. जवळच्या ताला जलविद्युत प्रकल्पासाठी ही वसाहत उभी राहिली. १०२० मेगावॅटचा तो प्रकल्प भारताच्या मदतीनं बांधला आणि त्याची बरीचशी वीज भारतालाच जाते. बांधकाम संपल्यावर वसाहतीतल्या इमारतींत कॉलेज आलं. म्हणजे इथली वीज खाली जाते आणि आमच्यासारखे मास्तर वर येतात. हे वाक्य मी ड्रायव्हरला हिंदीत सांगते. तो हसून नेपाळीत काहीतरी बोलतो, ते मला कळत नाही.

क्वार्टर दोन खोल्यांचं. लाकडी जमीन, पत्र्याचं छप्पर, मध्ये बुखारी. बुखारी म्हणजे लोखंडी शेगडी. तिची नळी छपरातून बाहेर जाते. ती कशी पेटवायची, हे मी त्याला दाखवायला लागते. आधी बारीक चिपाट्या, मग पाइनचं राळ असलेलं लाकूड, मग ओंडका, आणि नळीची झडप अर्धी उघडी...

"गुऱ्हाळाची चुलवाण पेटवलीय मी," तो म्हणतो. "सरक."

बुखारी पेटते. धूर मात्र नळीतून न जाता खोलीत येतो, कारण झडपेकडं त्यानं बघितलेलंच नाही. दार उघडावं लागतं, आणि दारात शेजारचे अगाय आणि अंगाय उभे. अगाय म्हणजे आजोबा, अंगाय म्हणजे आजी. आमच्या शाळेत झोंगखा शिकवणाऱ्या सरांचे ते आईवडील. आजींच्या हातात थर्मास आहे आणि बांबूच्या विणलेल्या टोपलीत झाव, म्हणजे भाजलेले कुरकुरीत तांदूळ. आजोबांच्या हातातला डबा ते स्वतः उघडतात. पिवळा भात. लोणी, साखर, केशर, मनुका.

"केशरी भात!" तो ओरडतोच.

इथं याला देसी म्हणतात. शुभकार्याला करतात. घरी नवं माणूस येणार म्हणून आजींनी तो सकाळीच करून ठेवलाय. मी कुणाला सांगितलं नव्हतं, पण टॅक्सी ठरवली ती दुकानदारामार्फत, आणि दुकानदाराला सांगणं म्हणजे गेदूला सांगणं.

थर्मासमधून सुजा ओतला जातो. सुजा म्हणजे मीठ आणि लोणी घालून घुसळलेला चहा. तो पहिला घोट घेतो. चहा म्हणून तोंडात घेतलेली गोष्ट खारट लागल्यावर माणसाचा चेहरा कसा होतो, ते मला माहीत आहे. मी तोंड उघडणार, एवढ्यात तो पेल्यात मूठभर झाव टाकतो आणि बोटांनी काढून खातो. आजी खूश. खायची रीत हीच आहे, आणि ती त्याला कुणी सांगितलेली नाही.

आजोबा पाटावर बैठक मारतात आणि हिंदीत बोलायला लागतात. त्यांची हिंदी सिनेमातली नव्हे, पुस्तकातली आहे. ते शाळेत गेले तेव्हा भूतानमधल्या शाळांतून शिकवण्याची भाषा हिंदी होती, पुस्तकं भारतातून यायची. इंग्रजी आलं ते १९६० च्या दशकात, पंचवार्षिक योजना सुरू झाल्यावर. तेव्हापासून भारतातून शिक्षक येताहेत. केरळातले सगळ्यात जास्त, खच्चरांच्या वाटेनं चालत गेलेले. आजोबांच्या पिढीला त्यांची नावं अजून पाठ आहेत.

"आप क्या पढ़ाएँगे?" आजोबा त्याला विचारतात.

"मैं नहीं. ये पढ़ाती है. मैं..." तो थांबतो. "मैं साथ आया हूँ."

आजोबा मान डोलावतात. "मेरा जमाई भी ऐसे ही गया है. पर्थ. बेटी पढ़ने गई, वह साथ गया."

त्यांची मुलगी आमच्याच शाळेत गणित शिकवायची. गेल्या काही वर्षांत भूतानचे कितीतरी शिक्षक असेच ऑस्ट्रेलियाला गेले. नवराबायकोपैकी एक जण विद्यार्थी म्हणून जातो आणि दुसरा सोबत. त्यांच्या रिकाम्या खुर्च्यांवर आम्ही येऊन बसलोय. मी शिकवते ते वर्ग त्या मुलीचे. फळ्याच्या कडेला तिनं रंगवलेलं त्रिकोणमितीचं कोष्टक अजून तसंच आहे.

"जमाई क्या करता है उधर?"

"यहाँ इंजीनियर था. वहाँ गोदाम में है."

खोलीत कुणी बोलत नाही. बुखारीत लाकूड फुटतं.

"खुश है?" तो विचारतो.

आजोबा थोडा विचार करतात. "काम पर जाता है. पैसा है. फोन पर एमा माँगता है."

एमा म्हणजे मिरची. सगळ्यात आधी आजी हसतात, मग आम्ही सगळे.

त्या एमाची गाठ रात्री पडते. आजींनी जाताना वाडगाभर एमा दात्शी दिलीय. चीजमध्ये शिजवलेल्या अख्ख्या मिरच्या. इथं मिरची भाजीत घालत नाहीत, मिरचीचीच भाजी करतात. कोल्हापूरचा माणूस तिखटाला भीत नसतो, असं तो जाहीर करतो आणि लाल भातावर भाजी वाढून घेतो. तिसऱ्या घासाला कपाळावर घाम, पाचव्याला गूळ. गुळाचा रवा ट्रंकेतून निघतो, तो असा. पण ताट तो पुसून खातो.

आईंचा फोन येतो. माझ्या सासूबाई. त्यांना तीनच गोष्टी हव्या असतात. पोचला काय, जेवला काय, आणि भाकरतुकडा ओवाळलास काय.

"नाही ओवाळला, आई. भाकरी कुठली आज?"

"मग भात ओवाळ. लांबनं आलाय. वाटंत काय काय लागलं असंल."

मी लाल भाताची मूद घेते, त्याच्यावरून तीनदा उतरवते आणि दाराबाहेर धुक्यात टाकते. तो मुकाट्यानं उभा राहतो. टाकलेल्या घासाकडं कुठूनतरी शेजारचं कुत्रं येतं. भूतानमध्ये कुत्र्यांना कुणी हाकलत नाही.

सोमवारी सकाळी साडेसातला आम्ही दोघं शाळेत. नवराबायको आले की एकदा मुख्याध्यापकांना भेटायचं, अशी इथली रीत आहे. प्रार्थना सुरू झालीय. मुलं घोमध्ये, मुली किरामध्ये, ओळीनं डोळे मिटून. मग राष्ट्रगीत, मग एका मुलीचं इंग्रजीत भाषण, एका मुलाचं झोंगखात. पुढच्या २ मेच्या कार्यक्रमाच्या सूचना होतात. तो इथला शिक्षक दिन, तिसरे राजे जिग्मे दोर्जी वांगचुक यांचा जन्मदिवस. जन्म १९२८ चा. रस्ते, शाळा, नवं राज्ययंत्र, आज दिसतंय त्यातलं बरंचसं त्यांच्या काळात सुरू झालं.

मुख्याध्यापक त्याच्या गळ्यात पांढरा खादर, म्हणजे मानाचं वस्त्र, घालतात. मुलांची ओळ आमच्यासमोरून जाते आणि प्रत्येक जण त्याला वाकून म्हणतो, "गुड मॉर्निंग, सर."

"अरे, मी सर नाही," तो मराठीतच म्हणतो.

मुलं पुढं जातात. मॅडमबरोबर आलेला माणूस म्हणजे सरच, त्यांच्या दृष्टीनं विषय संपलाय.

माझा तास सुरू व्हायला थोडा वेळ आहे. मी त्याला शाळा दाखवायला नेते. हे ग्रंथालय, ही प्रयोगशाळा, हे वसतिगृहाचं स्वयंपाकघर, इथं चूल विजेची आहे, या उंचीवर पाणी लवकर उकळतं म्हणून भात कुकरशिवाय नीट शिजत नाही... बोलता बोलता माझ्या लक्षात येतं, की शेजारी कुणी नाही. तो मागं राहिलाय. शाळेच्या भाजीच्या मळ्यात, उकिडवा बसलाय.

मळा मुलांचा. वसतिगृहाची भाजी त्यातून येते. सातवी-आठवीच्या पाच-सहा मुलांची आज पाळी आहे, त्यांच्या हातात झाऱ्या आहेत. मिरचीची रोपं टाकलीत, पण निम्मी रोपं जमिनीलगत काळी पडून आडवी झालीत. तो एक रोप दोन बोटांत धरून उपटतो. मूळ नाकापाशी नेतो, वास घेतो. माती मुठीत दाबतो. मूठ उघडल्यावर गोळा तसाच राहतो.

"रोप कोलमडतंय," तो मला सांगतो. मग मुलांकडं वळतो. "ये पानी कितनी बार डालते हो?"

"डेली, सर. मॉर्निंग अँड इव्हनिंग."

"आणि हे धुकं वेगळंच," तो पुटपुटतो.

मग हिंदी, मराठी, इंग्रजी आणि हातवारे यांचं एक मिश्रण सुरू होतं. पाणी बंद करा. रोपं दाट आहेत, विरळ करा. आडवी झालेली उपटून लांब नेऊन टाका, खतात नको. वाफा जमिनीला सपाट आहे, पाणी तिथंच मुरतंय. वीतभर उंच गादीवाफा करा, म्हणजे जास्तीचं पाणी बाजूला जाईल. किती उंच, हे दाखवायला तो हाताची वीत मातीत उभी रोवतो. एक मुलगा घोच्या छातीवरच्या खिशातून वही काढतो. घोचा तो खिसा म्हणजे पोतडीच असते, त्यातून पेन, सफरचंद, काहीही निघतं. मुलगा लिहून घेतो. दुसरा आपल्या वितीनं मोजून बघतो आणि ती लहान भरते म्हणून हसतो.

मुख्याध्यापक व्हरांड्यातून हे बघत खाली येतात. त्याच्या परवान्याची अट त्यांना माझ्याइतकीच माहीत आहे.

"सर शिकवायला लागले?"

"नाही, नाही," तो गडबडीनं उभा राहतो. "नो टीचिंग. ओन्ली टॉकिंग."

"टॉकिंगला परवाना लागत नाही ला," मुख्याध्यापक म्हणतात. "बुधवारी दुपारी मुलं मळ्यात असतात. शेजारी म्हणून या. रीतसर काही करायचं असेल, तर अर्ज मी बघतो. वेळ लागेल."

"किती?"

मुख्याध्यापक आभाळाकडं बोट दाखवतात, म्हणजे वर बसलेल्यांच्या मर्जीवर. आपल्याकडंही हाच हातवारा आहे, त्यामुळं त्याला लगेच कळतं.

घंटा होते. माझा पहिला तास नववीचा. गुडघ्यावरची माती झटकत तो खादर नीट करतो.

"तू जा तासाला. मी जातो घरी."

"वाट लक्षात आहे? दुकानापासून डावीकडं, मग पायऱ्या, मग मणी चक्राच्या..."

"आहे गं लक्षात."

तो निघतो, आणि फाटकातून बाहेर पडताच उजवीकडं वळतो. ती वाट कॉलेजकडं जाते. हाक माझ्या ओठापर्यंत येते. पण वळणावर सुपारी चघळत दोघे म्हातारे बसलेत, ते त्याला थांबवतील. विडा पुढं करतील, कुठला, कुणाचा, काय करतोस, सगळं विचारून घेतील, आणि मगच वाट दाखवतील. गेदूतली अर्धी घरं मला अशीच कळली.

नववीचा वर्ग उभा राहतो. "गुड मॉर्निंग, मॅडम."

मागच्या बाकावरची एक मुलगी खिडकीतून बाहेर बघतेय. "मॅडम, युअर सर इज गोइंग राँग वे."

"आय नो," मी म्हणते. "पेज फॉर्टी-टू उघडा."